उत्तम शुक्रवारी चौथा शब्द माझ्या गळ्यात पडलाय. स्तोत्र २२ नक्की कोणाचं, दावीदाचं की येशूचं?

कृष्णाकाठचा_पोरगा (सांगली)

सलाम मंडळी. यंदा उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा शब्द तरुण संघाकडे आलाय आणि संघानं तो माझ्या गळ्यात मारलाय. "एली, एली, लमा सबख्थनी", म्हणजे माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, स्तोत्र २२ ची पहिलीच ओळ. सात मिनिटं बोलायचं. मी म्हटलं सोपंय, स्तोत्र २२ उघडायचं, हातपाय विंधले, कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या, बघा हजार वर्षं आधी सगळं लिहून ठेवलेलं, आमेन, खाली बसायचं. संडे स्कूलपासून हेच ऐकत आलोय.

पण झालं काय, कुपवाडला आमच्या कंपनीत एक मित्र आहे, ख्रिस्ती नाही, पण सारखा काहीतरी वाचत असतो. जेवणाच्या सुट्टीत सहज विषय काढला तर म्हणला, अरे पण ते गाणं दावीदाचं ना, तो स्वतःचं रडगाणं गातोय, त्यात पुढं एक मशीहा, म्हणजे तारणारा, येईल असं कुठं लिहिलंय दाखव की. डबा बाजूला सारून दोघांनी मोबाइलवर अख्खं स्तोत्र वाचलं. नाही लिहिलेलं. मशीहा हा शब्दच नाही त्यात. वरनं हातपाय विंधल्याच्या त्या १६ व्या ओवीला खाली बारीक तळटीप, की इब्री (हिब्रू) मुळात "सिंहाप्रमाणे माझे हातपाय" असं आहे. माझी भाकरी तशीच राहिली.

घरी आजीचं जुनं पवित्र शास्त्र आहे. आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. त्यात २२ चं पान शिवणीतनं सुटलंय, कडेला हळदीचं बोट उमटलंय आणि समासात पेन्सिलीनं एकच तारीख लिहिलीय, आजोबा गेले त्या दिवसाची. बाकी काही नाही. मग आजीनं ते येशूचं भविष्य म्हणून वाचलं का स्वतःचं म्हणून? विचारायला आता आजी नाही.

तर सांगा, आपण ख्रिस्ती लोक स्तोत्रांमध्ये ख्रिस्त बघतो तो कुठल्या आधारावर? पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणले विश्वासानं वाच. वाचतोच आहे हो, पण मित्राला काय सांगू?

क्रूसाचा_शिपाई (कराड)

भावा, एका तळटिपेनं भाकरी कशाला सोडतोस. सोळावी ओवी ठेव बाजूला, बाकीचं बघ. कपडे वाटून घेणं आणि झग्यावर चिठ्ठ्या टाकणं २२:१८, योहान १९ मध्ये शिपाई तेच करतात आणि योहान स्वतः सांगतो की शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून. येणारेजाणारे डोकी हलवून हिणवतात, "देवावर भरवसा ठेवलाय ना, सोडवू दे त्याला", हे २२:७-८, आणि मत्तय २७ मध्ये मुख्य याजक जवळजवळ याच शब्दांत बोलतात. तहानेल्याला आंब पाजणं ६९:२१. हाड मोडणार नाही ३४:२०. माझ्या ताटात जेवलेल्यानंच माझ्यावर लाथ उचलली ४१:९, तो धोका देणारा शिष्य यहूदा. "तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो" ३१:५, प्रभूचा शेवटचा श्वास. बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगड ११८:२२. एवढे योगायोग कुणाच्या आयुष्यात होतात सांग बघू.

आणि आधार म्हणशील तर लूक २४:४४ काढ. पुन्हा उठल्यावर प्रभूनं स्वतः सांगितलंय, मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे आणि स्तोत्रं यांत माझ्याविषयी जे लिहिलंय ते सगळं पूर्ण होणं अगत्याचं होतं. स्तोत्रांचं नाव घेऊन सांगितलंय. आता दुसरा कुठला आधार पाहिजे? मित्राला हेच सांग आणि दाबून सांग.

निवृत्त_मास्तर (सातारा)

कराडकरांची कळकळ पटली, आणि लूक २४ काढलं हे फार बरं केलं. पण दाबून सांगायच्या आधी जरा थांबा. तुम्ही ४१ ची नववी ओवी दिलीत, तिच्याच वर चौथी ओवी आहे, तिथं गाणारा म्हणतो मी तुझ्याविरुद्ध पाप केलंय, मला बरं कर. ६९ मध्येही पाचव्या ओवीत तो स्वतःचे दोष कबूल करतो. मग अख्खं स्तोत्र म्हणजे येशूचं आगाऊ लिहिलेलं बोलणं असं धरलं तर हे पापाचं कुणाच्या माथी मारायचं? वर्गात एकदा सातवीतल्या पोरानं मला हे विचारलेलं आणि मी त्याला खाली बसवलं होतं. अजून लाज वाटते त्याची.

तर बाळा, मित्राचं पहिलं म्हणणं मान्य करून टाक. गाणं आधी गाणाऱ्याचंच आहे. आता "दावीदाचे स्तोत्र" हे शीर्षक घ्या. इब्रीत "ल-दावीद" असं आहे आणि त्यातला तो ल मोठा चकवा आहे, दावीदानं रचलेलं, दावीदासाठी, दावीदाविषयी, काहीही निघतं त्यातनं. आपल्याकडं नाही का, तुकारामाचा अभंग म्हणजे तुकारामानं लिहिलेला आणि शिवाजी महाराजांचा पोवाडा म्हणजे महाराजांवरचा. प्रत्यय एकच, "चा". स्तोत्र ११० चं सगळं भांडण याच्यावर आहे. "परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो, माझ्या उजवीकडे बस." हे दरबारातल्या शाहिरानं म्हटलं असेल तर माझा प्रभू म्हणजे सरळ दावीद राजा. पण दावीदानंच म्हटलं असेल तर राजाचा प्रभू कोण? मत्तय २२ मध्ये येशू परूश्यांना हाच प्रश्न टाकतो आणि कुणाला उत्तर देता येत नाही. नव्या करारात जुन्या करारातली सगळ्यात जास्त वेळा आलेली ओवी हीच आहे, तेवीसावं स्तोत्र नाही, बावीसावं नाही, ही.

दुसरं, मशीहा शब्द २२ मध्ये नाही, बरोबर. पण २ मध्ये आहे. माशिआख म्हणजे तेल लावलेला, अभिषिक्त, त्याचंच ग्रीक ख्रिस्तोस. दावीदाच्या घराण्यातला प्रत्येक राजा अभिषिक्त होता. २, ४५, ७२, ११० ही सगळी राजाची गाणी, कुणाच्या राज्याभिषेकाला, कुणाच्या लग्नात म्हटलेली असणार. आणि मग इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या लोकांनी यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, राजाचे डोळे काढून बेड्या घालून नेला, गादी संपली. पुन्हा त्या गादीवर दावीदाच्या वंशातला कोणी बसला नाही.

मला नेहमी इथं अडकायला होतं. गादी गेली तरी गाणी कुणी टाकली नाहीत. बंदिवासातनं परत आल्यावर दुसरं मंदिर उभं राहिलं, राजा नाही, तख्त नाही, आणि तरीही ही माणसं राज्याभिषेकाची गाणी म्हणतायत, "तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला आहे." कुणाला उद्देशून म्हणत असतील? साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ ला खालसा केलं, पण गादीचं नाव निघालं की आमच्या घरातली म्हातारी माणसं आजही सावरून बसतात, तेव्हा मला थोडंसं कळतं त्यांचं. ८९ वं स्तोत्र वाचा, अर्ध्यापर्यंत दावीदाला दिलेल्या वचनाचं गुणगान आणि अचानक, तू त्याचा मुकुट धुळीला मिळवलास, कुठंवर हे प्रभू? त्या रिकाम्या गादीपुढं म्हणत राहिल्यानं गाण्यांचं तोंड आपोआप पुढं येणाऱ्याकडं वळलं. येशूच्या जन्माच्या आधीच यहुदी लोक ती अशी वाचायला लागले होते, ख्रिस्ती लोकांनी ते शून्यातनं काढलं नाही.

आता २२. हे राजाच्या थाटाचं गाणं नाही, मी किडा आहे माणूस नाही म्हणणाऱ्याचं आहे. इथं ख्रिस्ती वाचन उलट दिशेनं चालतं असं मी तरी समजतो. आधी भविष्य पाठ होतं आणि मग शिष्यांनी वधस्तंभाशी ताडून पाहिलं असं झालेलं दिसत नाही, शुक्रवारी तर सगळे पळाले होते. आधी वधस्तंभ झाला, रिकामी कबर झाली, आणि मग हीच रोजची पाठ गाणी पुन्हा तोंडात आली तेव्हा अंगावर काटा आला. शिष्य पेत्र पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टला, स्तोत्र १६ घेऊन उभा राहतो, "तू आपल्या पवित्राला कुजू देणार नाहीस", आणि म्हणतो, अहो दावीद तर मेला, त्याची कबर इथंच आहे, मग हे बोलणं त्याच्यात मावत कसं नाही बघा. पेत्राचा सगळा मुद्दा एवढाच आहे, की शब्द गाणाऱ्यापेक्षा मोठे निघाले.

तळटिपेचं सांगतो. इब्रीत "सिंहासारखे" आणि "खोदले" यांत एका शेवटच्या अक्षराचा फरक आहे, योद आणि वाव, शेपटी आखूड का लांब एवढंच. आपल्याकडं घाईत लिहिलेला घ आणि ध जसा. आज जी इब्री प्रत प्रमाण मानतात तिच्यात सिंह आहे, ख्रिस्ताच्या आधी यहुद्यांनीच केलेल्या ग्रीक भाषांतरात "खोदले" आहे, आणि मृत समुद्राजवळच्या नहल हेवेरच्या गुहेत सापडलेल्या पहिल्या शतकातल्या तुकड्यावरही बरेच अभ्यासक क्रियापदच वाचतात. म्हणजे आपल्या लोकांनी मुद्दाम घुसडलं असं नाही. पण गंमत अशी की नव्या करारात कुणीच ही ओवी उद्धृत केलेली नाही! चिठ्ठ्यांची केली, डोकी हलवण्याची छटा घेतली, ही नाही. प्रेषितांनी जिच्यावर भार टाकला नाही तिच्यावर तूही टाकू नकोस.

एकच अजून. दावीदाचा शब्द "अझबतानी" आहे, इब्री. येशू म्हणतो "सबख्थनी", तो अरामी आहे, घरातली भाषा. म्हणजे तो शास्त्रलेख वाचून दाखवत नव्हता. ठेच लागल्यावर आपल्या तोंडून आई गं निघतं तसं त्याचं स्तोत्र त्याच्या आईच्या बोलीत निघालं. काही लोक म्हणतात पहिली ओळ म्हटली म्हणजे पुढचा आनंदाचा शेवट मनात धरलेला होता, असेलही, पण त्यानं ती हाक नाटकी होत असेल तर मला नको तो अर्थ.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक शेवटची वर्षं आमच्या साताऱ्यात होते, "देवाचा दरबार" इथंच सुरू केला त्यांनी. त्यांची भजनं आपण अजून म्हणतो ना? त्यातला "मी" म्हणजे ना. वा. टिळक असं कोण म्हणतं? जो गातो तो मी. तुझ्या आजीनं तारीख लिहिली ती याच हक्कानं, आणि वधस्तंभावर येशूनंही.

बराच लांबलं. मास्तरकीची सवय.

अलिबागची_लेक (विश्रामबाग, सांगली)

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी यहुदी. माहेर अलिबागकडचं, यांच्या नोकरीमुळं सांगलीत आले ती इथलीच झाले. तुमच्या घरातल्या गप्पांत नाक खुपसतेय, राग मानू नका, पण तहिल्लीमचा, म्हणजे तुम्ही म्हणता त्या स्तोत्रांचा, विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. आमच्याकडं आजाऱ्याच्या उशाशी, मयताच्या घरी, तहिल्लीमच म्हणतात. त्यामुळं त्या आजींची पेन्सिलीची तारीख वाचून मला माझीच आजी आठवली.

मास्तरांनी चांगलं सांगितलं. थोडी भर घालते. आमच्यात शीर्षकालाच पहिली ओवी धरतात म्हणून तुमची सोळावी ती आमची सतरावी, आणि आम्ही सिंहच वाचतो. आमच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, २२ वं स्तोत्र इराणच्या राजाची यहुदी राणी एस्तेर हिच्या तोंडी दिलंय. तालमूद या आमच्या जुन्या धर्मग्रंथात आहे, ती न बोलावता राजाकडं चालली, वाटेत मूर्तींच्या दालनापाशी पोचली आणि तिला वाटलं देवाचं सान्निध्य आपल्याला सोडून गेलं, तेव्हा ती म्हणाली एली एली. म्हणजे दावीदाचं गाणं दुसऱ्याच्या तोंडी बसवणं आम्हालाही परकं नाही बरं का. फक्त तुम्ही येशूच्या तोंडी बसवता आणि आम्ही एस्तेरच्या, किंवा सगळ्या इस्राएलाच्या. दुसऱ्या स्तोत्रावर राशींचं भाष्य आहे, अकराव्या शतकातले फ्रान्समधले मोठे पंडित, ते म्हणतात आमच्या गुरूंनी हे मशीहा राजावर लावलं पण सरळ अर्थानं हे दावीदावरच घ्यावं. तर जुना धागा आमच्याकडंही आहे, पण आमचा मशीहा अजून यायचाय आणि तो आला की लढाया थांबतील असं आमचं मोजमाप. लढाया थांबल्यात असं मला तरी दिसत नाही.

कराडच्या भाऊंनी तो दगड सांगितला ना, ते ११८ वं स्तोत्र म्हणजे आमच्या हल्लेल या स्तुतिगीतांचा शेवट, ११३ ते ११८, पेसाहला, तुमच्या वल्हांडणाला, म्हणतात. "होशिया ना" त्यातलंच, वाचव आता. तुम्ही झावळ्यांच्या रविवारी होसान्ना ओरडता तो जयजयकार नाही हो, मुळात ती आर्जवं आहेत. येशू यहुदी होता, त्या रात्री जेवण झाल्यावर गीत गाऊन ते डोंगराकडे निघाले असं तुमच्या शुभवर्तमानात आहे, ते बहुतेक हेच असणार. म्हणजे दुसऱ्या दिवशी जे घडायचं होतं त्याच्या आदल्या रात्री त्याच्या तोंडात हे होतं. एवढं मात्र मलाही हलवून जातं.

क्रूसाचा_शिपाई (कराड)

काकू, होसान्नाचं माहीत नव्हतं, आभार. मास्तर, ४१:४ चं मी कधी वाचलंच नव्हतं, आत्ता काढून बघितलं, आहे खरं. पण मग प्रत्येक स्तोत्र असं सोलत बसलं तर शेवटी हातात काय राहणार? मला भीती त्याची वाटते.

निवृत्त_मास्तर (सातारा)

भीती जुनी आहे, तुमची एकट्याची नाही. मोप्सुएस्त्याचा थियोडोर म्हणून एक बिशप होता, मेला इसवी सन ४२८ ला, त्यानं सोलत सोलत चारच स्तोत्रं ख्रिस्ताची ठरवली, २, ८, ४५ आणि ११०. बावीसावंही दावीदालाच परत केलं. पुढं ५५३ च्या परिषदेत मंडळीनं त्याला दोषी ठरवलं, मरून सव्वाशे वर्षं झाल्यावर! त्याच्याच काळातला दुसरा बिशप ऑगस्टीन, त्यानं दीडशेच्या दीडशे स्तोत्रांवर प्रवचनं केली आणि सगळीकडं ख्रिस्त पाहिला, आणि पापाच्या कबुलीचं कोडं त्यानं असं सोडवलं की मस्तक ख्रिस्त आणि शरीर मंडळी, एकच माणूस बोलतो, दुखतं पायाला आणि ओरडते जीभ. म्हणजे पाप आपलं आणि तोंड त्याचं. मला थियोडोरचं डोकं आवडतं आणि ऑगस्टीनचं ऐकायला आवडतं. जमत नाही दोन्ही एकत्र कायम.

खरज (मिरज)

मी ख्रिस्ती नाही, नाताळात चर्चच्या भजनाला पेटी वाजवतो तेवढाच संबंध. शास्त्रातलं मला कळत नाही. पण वरचं वाचताना एक गोष्ट आठवली ती सांगतो, चुकलं तर सोडून द्या.

परवा तंबोरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो होतो, आवाज बसला होता. कारागीर म्हातारे आहेत, बोलत नाहीत फार. त्यांनी घोडी कानशीनं जराशी घासली, फुंकर मारली, मग तारेच्या खाली कापसाचा दोरा सरकवला आणि केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं करत बसले. एक हात तारेवर, डोळे मिटलेले. तार मेल्यासारखी टण टण करत होती आणि एका जागी दोरा आल्याबरोबर ती अशी उघडली की दुकानातलं पोरगं पण हातातलं काम ठेवून बघायला लागलं. जवारी लागली म्हणतात ती.

आता तंबोऱ्यात गंधाराची, म्हणजे "ग"ची, तार नसते. पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खरज, म्हणजे खालचा सा, बास. पण जवारी लागली की खरजातनं गंधार ऐकू येतो, आपोआप, कुणी छेडलेला नसतो. स्वयंभू गंधार म्हणतात आमच्यात. नवीन विद्यार्थ्याला ऐकू येत नाही, गुरू सांगतात ऐक, तो म्हणतो नाही येत, आणि एकदा आला की मग कान बंद करता येत नाही. तो गंधार तारेत होता का कानात? तुमच्या मित्राला स्तोत्रात मशीहा सापडला नाही तो असाच असेल का, त्यानं तारा मोजल्या, बरोबर मोजल्या, गंधाराची तार नाहीच की तिथं.

अलिबागची_लेक (विश्रामबाग, सांगली)

छान सांगितलंत. आम्ही आपला खरजच ऐकतो, त्यावर आमचं तीन हजार वर्षं भागलंय :)

क्रूसाचा_शिपाई (कराड)

मला मात्र गंधार ढोलासारखा ऐकू येतो काकू, काय करू :)

कृष्णाकाठचा_पोरगा (सांगली)

सगळ्यांचे खूप आभार, मी चार दिवस हे पुन्हापुन्हा वाचतोय. ठरवलंय असं की सोळावी ओवी काढायची नाही पण तिच्यावर बोलायचंही नाही. अख्खं स्तोत्र मोठ्यानं वाचून बघितलं, घड्याळ लावून, चार मिनिटं गेली, म्हणजे माझ्या वाट्याला तीन उरली. बरंच झालं. वाचताना एक लक्षात आलं, एकविसाव्या ओवीपर्यंत बैल, कुत्री, सिंह, तलवार चाललंय आणि मध्येच काहीच कारण न देता "तू माझं ऐकलंस", आणि पुढची ओवी, "मी आपल्या बंधूंजवळ तुझं नाव सांगेन". हीच ओवी इब्रीकरांस पत्रात येशूच्या तोंडी दिलीय, दुसऱ्या अध्यायात, कालच सापडली. म्हणजे त्यांनी नुसती हाक नाही घेतली, पुढचंही घेतलं. मास्तर, हे बरोबर धरतोय का मी?

कुपवाडच्या मित्राला खरजदादांचं दाखवलं. म्हणला हे पटलं असं नाही, पण ऐकायला येतो. आजीचं पान सुटं आहे ते बरंच आहे, अख्खं पुस्तक न्यायला नको, तेवढं एक पान घेऊन पुलपिटवर जाणार. आईला भीती की पंख्यानं उडेल.

काकू, तुम्ही पण ऐकायला याल का? उपासना बारा ते तीन, चौथा शब्द दीडच्या आसपास येईल. ऊन मरणाचं असतं, पंख्याखालची जागा पाहिजे असेल तर साडेअकरालाच या, नाहीतर व्हरांड्यात बसावं लागेल.